आवाज फुटतो तेव्हा... (संगीत नाटक, शाळेतली पोरं आणि मी)



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दिवाळी आली, पाहुणे आले नि गेले... असो. आज लिहायला बसायला कारण झालं आमच्या नातवाचं.

परवा रात्री बंगळूरहून त्याचा फोन आला. "हॅलो आजी" ऐकलं आणि मला वाटलं, मुलगाच बोलतोय. मी विचारलंसुद्धा, "काय रे, ऑफिसातून आलास का?" तेवढ्यात तो आवाज घसरून एकदम वर गेला आणि चिरकला. नातू! गेल्या मे महिन्यात इथे आला होता तेव्हा कसा घंटेसारखा आवाज होता. आता नववीत आहे, मिसरूड फुटायला लागलंय.

"आजी, मला म्युझिकलमधून काढलं."

त्यांच्या शाळेत गॅदरिंगला 'जंगल बुक'वर गाण्यांचं नाटक बसवताहेत. हा मोगली होणार होता. दिवाळीत तर फोनवर रोज एक गाणं ऐकवायचा. "सर म्हणाले, व्हॉइस स्टेबल नाहीये. आता मोगली दुसरा मुलगा करणार. मी प्रॉप्स सांभाळणार." मग थोडं थांबून म्हणाला, "इट्स ओके."

मंडळी, चौतीस-पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं. एखादं पोर "चालेल" कधी म्हणतं आणि का म्हणतं, एवढं मला कळतं. फोन ठेवला, पण झोप लागेना. कारण प्रॉप्स सांभाळायला लावणारी ती शिक्षिका एकेकाळी मीच होते. पण तिकडे जायच्या आधी थोडा इतिहास सांगते. (सूनबाई म्हणेल, आईंचा तास सुरू झाला. झाला तर झाला!)

गाण्यांचं नाटक हे प्रकरण आपल्या मराठी माणसाला काही कोणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते १८४३ साली. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन त्यावरूनच आला. त्या नाटकात गाणं भरपूर होतं, पण गाणार कोण? तर सूत्रधार. तो पदं म्हणून कथा पुढे न्यायचा, आणि सीता, राम, रावण अशी पात्रं प्रसंगाला शोभेल असं आपल्या मनानं बोलायची. राम झालेल्या नटाला गाता आलं नाही तरी काही बिघडत नसे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे चित्र बदललं. अण्णासाहेब बेळगावात काही काळ शाळामास्तर होते, पुढे सरकारी कचेरीत नोकरीला लागले. (मास्तर मंडळींबद्दल मी पक्षपाती आहे, पण इथे मुद्दा महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा.) ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात त्यांनी 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. त्यात नवं हे, की पात्रंच गायला लागली. दुष्यंताचं मन दुष्यंतच गाणार, शकुंतलेचं दुःख शकुंतलाच गाणार. पदंही थोडीथोडकी नाहीत, सबंध नाटकात दोनशेच्या वर! दोन वर्षांनी, १८८२ च्या नोव्हेंबरात, 'सौभद्र' आलं आणि महाराष्ट्राला गाण्याच्या नाटकाचं वेडच लागलं.

पण यातूनच एक अडचण उभी राहिली. शकुंतला गाणार म्हणजे शकुंतला झालेल्या नटाला बाईच्या पट्टीत गाता यायला हवं. आणि त्या काळी या मंडळ्यांत बायका कुठल्या काम करायला! मग शोध सुरू झाला गोड गळ्याच्या पोरांचा. कुठे कीर्तनात, भजनात, देवळात एखादा मुलगा चांगला गाताना दिसला की नाटक मंडळीचा माणूस त्याच्या घरी जाऊन बसे. घरी बहुधा गरिबी असायची. मुलाला दोन वेळचं जेवण, अंगावर कपडे, थोडाफार पगार आणि वर गाण्याचं शिक्षण फुकट. पोर मंडळीबरोबर गावोगाव हिंडायला लागे.

म्हणजे बघा, आज ज्या वयाची मुलं आठवी-नववीच्या बाकावर बसतात, त्या वयाच्या मुलांना संगीत नाटक शिकवणारी आपल्याकडची पहिली शाळा म्हणजे नाटक मंडळी. तिथे तालीममास्तर असत. पदांची तालीम पेटी-तबल्यावर चाले, गद्याची वेगळी. गोविंद बल्लाळ देवल हे तालमीतलं मोठं नाव. देवल हे बेळगावात किर्लोस्करांचे विद्यार्थी आणि पुढे तिथेच शिक्षक. शब्द नुसता म्हणायचा नाही, त्याचा अर्थ समजून तो बोलायचा, हा त्यांचा आग्रह. गणपतराव बोडस, बालगंधर्व असे नट त्यांच्या हाताखालून गेले. मंडळीतल्या मुलांना अक्षरओळख, वाचन शिकवायलाही माणूस ठेवत. आपले राम गणेश गडकरी तरुणपणी काही काळ किर्लोस्कर मंडळीत हेच काम करत होते. 'एकच प्याला' लिहिणारा माणूस आधी नाटकातल्या पोरांचा मास्तर होता, हे मी वर्गात सांगायची तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करत.

या शाळेतून काय काय पोरं निघाली! कोल्हापूरचे केशवराव भोसले अगदी लहान वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि देवलांच्या 'शारदे'त शारदा होऊन गाजले. १९०८ साली त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' काढली तेव्हा वय वर्षं सतरा. आमच्याकडे त्या वयात मुलं बारावीच्या क्लासला जातात, आणि सायकलची चेन पडली तर बाबांना फोन करतात.

आता खरी गोम. मुलाचा गोड, उंच आवाज टिकतो किती दिवस? बारा ते पंधराच्या दरम्यान कधीतरी तो फुटतो. घशातली स्वरयंत्राची पेटी मोठी होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एक अख्खं सप्तक खाली उतरतो. हे एका रात्रीत होत नाही. काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष गळा कुठल्या कुठे पळतो. सकाळी लागलेला षड्ज संध्याकाळी सापडत नाही. (मुलींचाही आवाज बदलतो बरं का, पण दोन-तीन सुरांचाच फरक पडतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.)

म्हणजे सबंध कारखानाच चार-पाच वर्षं टिकणाऱ्या मालावर उभा होता. काही आवाजांनी वयाला दाद दिली नाही. भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या सुभद्रेनं लोकांना वेड लावलं. बालगंधर्व १९०५ साली मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे. पोरवयाचा आवाज उलटून गेल्यावरही ज्यांचा गळा स्त्रीभूमिकेला साथ देत राहिला अशी ही माणसं. त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. पण ज्यांचा गळा साथ देईना त्यांचं काय झालं असेल? त्यांची नावं जाहिरातीवरून गेली ती गेलीच.

त्यांपैकी एकाचं मात्र काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

बडोदा संस्थानातल्या कठोर गावी १८६९ साली जन्मलेला एक मुलगा. गळा गोड, म्हणून किर्लोस्कर मंडळीत आला. अण्णासाहेबांच्या 'रामराज्यवियोगा'त कैकेयी झाला. त्याचं गाणं ऐकून बंदे अली खाँसाहेबांसारखा थोर बीनकार खूश झाला आणि त्यानं मुलाला आपला गंडा बांधला. एवढं सगळं झालं, आणि मुलाचा आवाज फुटला. मंडळीला त्याचा उपयोग राहिला नाही.

मुलगा मंडळी सोडून गेला, पण गाणं सोडलं नाही. बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे राहिला. फुटलेल्या, जड झालेल्या गळ्यावर पुन्हा पहिल्यापासून मेहनत केली. पुढे आग्र्याचे नथ्थन खाँ, मग अल्लादियाखाँ, असा एकेका घराण्याचा दरवाजा ठोठावत शिकत राहिला. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकही होता. तो मुलगा म्हणजे भास्करबुवा बखले. १९११ साली पुण्यात त्यांनी भारत गायन समाज काढला. बालगंधर्वांनी त्यांना गुरू मानलं. लहानपणी नाटकात काम करून आलेले मास्टर कृष्णराव त्यांच्याकडे शिकले. १९१६ साली 'स्वयंवर' रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली बुवांच्या. ज्या रंगभूमीवर त्यांच्या गळ्याला जागा उरली नव्हती, तिला त्यांनी गाणं शिकवलं!

बुवांबद्दल मी शैला दातार यांच्या 'देवगंधर्व'मध्ये पहिल्यांदा सविस्तर वाचलं. पण वाचलं ते फार उशिरा, निदान माझ्या एका विद्यार्थ्याच्या दृष्टीनं.

आता या १९८६ सालात.

तालुक्याच्या गावची आमची शाळा. मी मराठी आणि इतिहास शिकवायची. संगीताचा शिक्षक शाळेला नव्हता. मी लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या दोन परीक्षा दिलेल्या, पेटी बरी वाजवायची, म्हणून स्नेहसंमेलन आलं की गाण्याचं सगळं माझ्या गळ्यात. त्या वर्षी मला हौस आली की 'सौभद्र'चा पहिला अंक करायचा. काटछाट करून चाळीस मिनिटांचा. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पोरं सिनेमाच्या गाण्यांवर नाच करतात ते काय वाईट आहे?" मी हट्टाला पेटले.

नववीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, आपण त्याला नारदच म्हणू. वडील पिठाच्या गिरणीवर कामाला. रोज शाळेत प्रार्थना तोच सांगायचा. पांढरी पाचमध्ये असा काही सूर लावायचा की मैदानाच्या टोकाला उभा असलेला शिपाई बिडी विझवायचा. पदं एकदा सांगितली की पाठ. ऑगस्टपासून आम्ही तालीम करत होतो. चिपळ्या धरून तो वर्गात शिरला की बाकीची पोरं आपोआप गप्प बसत.

दिवाळीची सुट्टी संपवून आला तो आवाज घोगरा घेऊनच. मी म्हटलं, फटाक्यांचा धूर असेल, तेलकट खाल्लं असेल. ज्येष्ठमध दिलं, हळद-दूध प्यायला सांगितलं. डिसेंबर उजाडला. वरचा सा आला की आवाज दुभंगायचा, कधी फक्त वारा यायचा. पोरं खिदळायची. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, मान ताठ करून, गळ्याच्या शिरा फुगवून. आणि मी पेटीवर तोच सूर दाबून धरायची आणि म्हणायची, "अजून जोर लाव."

(हे लिहिताना आत्ताही हात थांबला. फुटणाऱ्या गळ्यावर जोर लावायला सांगू नये, एवढंही मला माहीत नव्हतं.)

संमेलनाला बारा दिवस राहिले तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, तुझा आवाज गेला. आता कसं करायचं?" आणि आठवीतल्या एका मुलीला नारद दिला. तिचा गळा खणखणीत, तिनं चार दिवसांत पदं बसवली. ह्याला मी पडद्याचं काम दिलं. तो म्हणाला, "चालेल बाई."

प्रयोग छान झाला. मुख्याध्यापकांनी एक्कावन्न रुपयांचं बक्षीस दिलं. पडदा अगदी वेळेवर उघडला आणि वेळेवर पडला.

जानेवारीपासून प्रार्थना दुसरा मुलगा सांगायला लागला. हा रांगेत उभा असायचा, ओठ मिटून. मला ते दिसत होतं. दिसूनही मी काही केलं नाही. मनात म्हटलं, होईल नीट. मग वार्षिक परीक्षा, पेपर, निकालपत्रकं... दहावी होऊन तो शाळेतून गेला.

'देवगंधर्व' वाचलं त्यानंतर काही वर्षांनी. कैकेयी झालेल्या मुलाच्या पानाशी आले आणि पुस्तक मिटून ठेवलं. शंभर वर्षांपूर्वी त्या मंडळीनं जे केलं, तेच मी केलं होतं. त्यांचं निदान पोट त्यावर होतं. तिकिटं विकली गेली नाहीत तर पन्नास माणसांनी खायचं काय, हा त्यांच्यापुढे प्रश्न. माझ्यावर कसली वेळ आली होती? एक्कावन्न रुपयांची?

त्यानंतर मी पुन्हा नाटकं बसवायला घेतली ती वेगळ्या तऱ्हेनं, आणि त्यात मला मदत झाली ती अण्णासाहेबांचीच.

अण्णासाहेबांची पदं नीट पाहिलीत तर एक गंमत दिसते. त्यातली कितीतरी साकी, दिंडी, कामदा अशा कीर्तनातल्या, घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या चालींची आहेत. काही लावणीच्या, काही कर्नाटकी वळणाची. म्हणजे प्रेक्षकाच्या कानात आधीच बसलेल्या चाली त्यांनी उचलल्या. दिंडी किंवा साकी पाच-सहा सुरांच्या आतच फिरते, बोलण्याच्या जवळची असते. पुढे १९११ साली 'मानापमान' आलं, गोविंदराव टेंब्यांच्या ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चाली आल्या, मग 'स्वयंवरा'त बुवांच्या ख्यालाच्या अंगाच्या आल्या. गाणं फार उंचीला गेलं, पण त्याला गळाही तसाच तयार लागू लागला. मैफलीचा गवई म्हणेल, हीच खरी श्रीमंती. कबूल. मी १९६७ चं 'कट्यार' पाहून आले तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. पण नववीच्या पोराच्या गळ्यात वसंतरावांची तान शोधायला जाल तर पोर गमवाल. शाळेत संगीत नाटक शिकवायचं तर सुरुवात त्या शाळामास्तराच्या साकी-दिंडीपासून करावी, हे माझं मत आजही कायम आहे.

तर माझे नियम असे ठरले. पहिला, फुटक्या आवाजाच्या मुलाला नाटकातून काढायचं नाही. दुसरा, पट्टी पेटीची नाही, मुलाची. त्याला जिथे चार सूर सहज लागतात तिथे पेटी सरकवायची, आणि दर आठवड्याला पुन्हा तपासायचं, कारण ते चार सूर आठवड्यात घर बदलतात! तिसरा, वरचा सूर लागत नसेल तर पद तिथून दुसऱ्यानं उचलायचं. दोघांनी मिळून एक पद म्हटलं तर नाट्यशास्त्राचं काही बिघडत नाही. आणि चौथा, मुलाला आधीच सांगून ठेवायचं की बाबा रे, हे असं होणार आहे, सगळ्यांचं होतं, आवाज मोठा होतोय.

१९९४ साली 'शारदा' केली. नववीतल्या एका मुलाचा आवाज असाच वर-खाली उड्या मारत होता. त्याला मी भद्रेश्वर दीक्षित दिला. म्हाताऱ्या भुजंगनाथाचं कोवळ्या पोरीशी लग्न जुळवणारा तो लबाड मध्यस्थ. त्याचा आवाज मधेच चिरकला की त्या पात्राची लबाडी उघडी पडल्यासारखी वाटायची आणि प्रेक्षक हसून लोळायचे. एकदा तर तो मुलगा मला येऊन म्हणाला, "बाई, आज आवाज जरा बराच लागतोय, मुद्दाम चिरकवू का?" :-)

('शारदे'चा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करते, मागे एका वाचकानं लिहिलं होतं म्हणून. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, तो या नाटकावरून नव्हे. अजमेरच्या हरबिलास सारडांनी ते विधेयक मांडलं, त्यांच्या आडनावावरून ते नाव पडलं. नाटक १८९९ चं, म्हणजे कायद्याच्या तीस वर्षं आधीचं. नाटकानं लोकांची मनं तयार केली हे मात्र खरं. देवलांना कायदा पाहायला मिळाला नाही, ते १९१६ सालीच गेले.)

पुढे मंडळ्या बंद पडल्या. बोलपट आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलायला लागला, आणि रात्र रात्र चालणारी नाटकं ओस पडली. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्नाबाई भोळे अशा बायका स्वतःच्या गळ्यानं रंगभूमीवर गाऊ लागल्या, आणि पोरांच्या गळ्यावर चालणारा तो कारखाना एकदाचा मिटला. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की तालमीबरोबर तालमीतलं शहाणपणही गेलं. शिक्षकाला रोज मुलाचा गळा ऐकायला लागायचा. आता शाळांतून बाहेरून तयार ट्रॅक आणतात, त्याची पट्टी ठरलेली. मुलाचा आवाज ट्रॅकला जुळला नाही की मुलगा बदलतात. ट्रॅक बदलायचं कोणाला सुचत नाही.

नारद मला एकदा भेटला. २००४ साली, एस. टी. स्टँडवर. मी ओळखलं नाही, त्यानंच वाकून नमस्कार केला. अंगानं भरलेला, कपाळाला अष्टगंध. शेतीच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं. आवाज खर्जातला, गोल, भरदार. ऐकतच राहावं असा. मी विचारलं, "गातोस का रे?" तो हसला. म्हणाला, "छे बाई, आवाज गेला ना." आणि मग म्हणाला, "पडदा मात्र मी बरोबर ओढला होता, हो ना?"

मी म्हटलं, "हो रे, अगदी वेळेवर." तेवढ्यात माझी गाडी लागली. खिडकीतून मी हात केला. जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही.

तर परवा नातवाचा फोन झाल्यावर हे सगळं वर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला फोन करून भास्करबुवांची गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली. मग विचारलं, "पण आजी, त्यांना परत नाटकात घेतलं का?" मी म्हटलं, नाही रे, ते मास्तर होऊन परत आले. तो म्हणाला, "तेवढी वर्षं मी थांबू?" काय उत्तर देणार! मग त्याला म्हटलं, सरांना विचार, मोगली नको, पण लांडग्यांच्या कळपाचं एखादं गाणं खालच्या पट्टीत आहे का. विचारतो म्हणालाय. सर काय म्हणाले ते पुढच्या वेळी कळवीन.

आणि एका जुन्या विद्यार्थिनीकडून मी नारदाचा नंबर मिळवला. दोन दिवस नुसताच वहीत लिहून ठेवला होता. काल दुपारी धीर करून लावला. तोच खर्जातला आवाज. मी नाव सांगितलं तर एकदम उभा राहिला असावा, खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मी म्हटलं, "तुझ्याशी एक जुनं बोलायचं होतं." मागे कोणीतरी जोरजोरात मोटारीचं काहीतरी विचारत होतं. तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक उभं आहे, मोकळा झालो की लगेच करतो."

अजून केलेला नाही. रब्बीचे दिवस आहेत, मोटारी जळायचा हंगाम. वेळ मिळत नसेल. मी फोन जवळच ठेवलाय.